जुने हॉरर सिनेमे बघायला कुठून सुरुवात करू? एका साऊंड एडिटरचं सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा होता: नवीन हॉरर भरपूर बघून झालं, आता नुसतं दचकायला होतं, भीती अशी वाटत नाही. जुने क्लासिक बघायला घेतले तर पहिल्याच सिनेमाला वीस मिनिटांत झोप आली. मग कुठून सुरू करू, आणि या जुन्या सिनेमांचा बाकीच्या सिनेमावर खरंच एवढा प्रभाव आहे का? शिवाय बारा वर्षांचा भाचा सुट्टीत येतोय, त्याच्यासोबत काय बघता येईल?

जरा सविस्तर लिहिते कारण हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे आणि जिव्हाळ्याचाही. मी बावीस वर्षं मुंबईत साऊंड एडिटिंग करतेय, सिरियल झाल्या, सिनेमे झाले, हल्ली वेब सिरीज जास्त असतात. त्यामुळे माझं उत्तर कानाच्या बाजूने येणार हे आधीच सांगते. तुम्ही दचकणं आणि घाबरणं वेगळं काढलंत ते अगदी बरोबर आहे. आमच्या टेबलावर दचकवणं हे दहा मिनिटांचं काम आहे, दोन-तीन सेकंद सगळे ट्रॅक खाली ओढायचे, पंखा नाही, रातकिडे नाहीत, काही नाही, आणि मग एकदम फुल व्हॉल्यूमवर एक दणका टाकायचा, की माणूस खुर्चीत उडतोच, तिथे मांजर आलं काय आणि भूत आलं काय. घाबरवणं मात्र वीस मिनिटं आधीपासून रचत आणावं लागतं. जुन्या लोकांकडे दणका द्यायला आजच्यासारखे स्पीकर नव्हते म्हणून त्यांनी हे दुसरं काम शिकून घेतलं, आणि पुढे सगळ्या सिनेमाने ते त्यांच्याकडून उचललं.

आता झोपेबद्दल. कुठला सिनेमा लावलात ते तुम्ही लिहिलं नाहीये पण माझा अंदाज १९३१चा 'ड्रॅक्युला', कारण बहुतेक जण तिथूनच सुरू करतात. झोप येण्यात तुमचा दोष नाही. बोलपट येऊन जेमतेम चार वर्षं झालेली, सीनच्या पाठीमागे म्युझिक वाजलं तर लोक विचारतील वाद्यं कुठून आली, अशी तेव्हा निर्मात्यांना शंका असायची. त्यामुळे टायटलला 'स्वान लेक'चा तुकडा आणि मधला नाटकगृहातला प्रसंग सोडला तर आख्ख्या सिनेमात पार्श्वसंगीतच नाही. आपला कान सतत भरलेल्या साऊंडला सरावलाय, त्याला ही शांतता रिकामी वाटते. तो सिनेमा नंतर बघा, तेव्हा ड्रॅक्युला झालेल्या बेला लुगोसीचे थांबे ऐकायला येतील, दोन शब्दांच्या मध्ये तो किती वेळ घेतो ते. आणि एक गंमत म्हणजे त्याच सेटवर दिवसा इंग्रजी युनिट शूट करायचं आणि रात्री दुसरं युनिट येऊन वेगळे नट घेऊन स्पॅनिश 'ड्रॅक्युला' शूट करायचं, कॅमेऱ्याच्या हालचालीत तो स्पॅनिश मला जास्त चांगला वाटतो.

सुरुवात करा १९४२च्या 'कॅट पीपल'पासून. सव्वा तासाच्या आत संपतो, ब्लॅक अँड व्हाइट आहे, आणि त्यात एका सीनमध्ये आमच्या धंद्याचं अर्धं पुस्तक आहे.

गोष्ट अशी की आरकेओ नावाचा स्टुडिओ तेव्हा पैशाच्या अडचणीत होता, ऑर्सन वेल्सच्या मोठ्या सिनेमांनी पैसे परत केले नव्हते. त्यांनी व्हॅल ल्यूटन नावाच्या माणसाला हॉररचं खातं दिलं आणि अटी घातल्या, बजेट दीड लाख डॉलरच्या आत, लांबी पंचाहत्तर मिनिटांच्या आत, आणि सिनेमाचं नाव स्टुडिओ देणार, त्या नावाला साजेशी गोष्ट तुम्ही शोधा. पहिलं नाव हातात आलं 'कॅट पीपल'. आता एवढ्या पैशात बाईचं बिबट्यात रूपांतर दाखवायचं तर केसाळ मुखवटा घालून हसू येईल असंच काहीतरी झालं असतं. ल्यूटन आणि दिग्दर्शक जाक टूर्नर यांनी ठरवलं की दाखवायचंच नाही. सेट वेल्सच्या 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स'मधला उरलेला जिना वापरून केला, कॅमेऱ्यावर निकोलस मुसुराका होता, त्याने निम्मी फ्रेम काळी ठेवली, आणि उरलेलं सगळं आवाजावर सोडलं.

तो सीन: रात्रीची वेळ, न्यूयॉर्कमधल्या पार्कच्या भिंतीकडेने एक बाई चाललीये आणि मागून दुसरी. म्युझिक नाही. फक्त दोघींच्या टाचांचा आवाज, टक टक टक, एकीचा जवळचा, दुसरीचा जरा लांबचा आणि थोडा भरभर. एडिटर मार्क रॉबसन एकदा हिचे पाय दाखवतो, एकदा तिचे, आणि मग एका क्षणी मागच्या टाचा थांबतात. बस्स, आवाज थांबतो. पुढची बाई थांबते, मागे बघते, रस्ता रिकामा. ती परत चालायला लागते, आता जवळजवळ पळतेच आहे, आणि एकदम कानाजवळ फुस्स करून जनावर अंगावर आल्यासारखा आवाज येतो, बघितलं तर फ्रेममध्ये बस येऊन थांबलेली असते, ब्रेकच्या हवेचा आवाज. यालाच आमच्याकडे ल्यूटन बस म्हणतात. आज तुम्ही जो फसवा दचका हजार वेळा बघितलाय, कपाटातून मांजर उडी मारतं, मागून मैत्रीण खांद्यावर हात ठेवते, त्या सगळ्याची आई ही बस आहे. फरक एवढाच की नव्या सिनेमांनी बस तेवढी घेतली आणि त्याआधीच्या टाचा सोडून दिल्या. माझ्याकडे नवीन असिस्टंट आला की पहिल्या आठवड्यात मी त्याला हा सीन दाखवते, आधी आवाज बंद करून, मग चित्र बंद करून. आवाज बंद केला तर दोन बायका चालताना दिसतात, एवढंच. चित्र बंद केलं तर तरीही भीती वाटते.

आणि प्रभाव म्हणाल तर इथून पुढे बघा काय झालं. मुसुराका आणि टूर्नर यांनी हाच अंधार घेऊन १९४७ साली 'आउट ऑफ द पास्ट' केला, गुन्हेगारी सिनेमातला नॉयर म्हणतात त्याचा तो आदर्श नमुना. रॉबसन पुढे मोठा दिग्दर्शक झाला. ल्यूटनच्याच हाताखाली अजून एक एडिटर दिग्दर्शक झाला, रॉबर्ट वाइज, ज्याने 'सिटिझन केन' एडिट केला होता आणि ज्याने नंतर 'साऊंड ऑफ म्युझिक' केला. म्हणजे डोंगरावर गाणारी पोरं आणि अंधारातल्या टाचा एकाच शाळेतून आलेल्या आहेत, आणि हे ऐकून लोकांना नवल वाटतं पण मला वाटत नाही, कारण प्रेक्षकाचा श्वास कधी धरायचा आणि कधी सोडायचा हे ज्याला हॉररमध्ये जमलं त्याला कुठेही जमतं.

हाच वाइज १९६३ साली ल्यूटनची आठवण मनात ठेवून 'द हाँटिंग' करतो. हा दुसरा बघा. आख्ख्या सिनेमात भूत नाही. रात्री दोन बायका खोलीत बसल्यात आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये काहीतरी भिंतीवर आपटत आपटत एकेका दारापाशी येतंय. दार आतल्या बाजूला फुगतं, लाकडी दार, पोटासारखं फुगतं आणि परत जातं, ते करायला पलीकडून एका माणसाने ढकललं होतं फक्त. घर वाकडं दिसावं म्हणून वाइजने एक वाइड लेन्स मागवली जी कंपनीच्या मते अजून तयारच झाली नव्हती, कडेने चित्र वाकायचं, कंपनीने त्याच्याकडून लिहून घेतलं की तक्रार करणार नाही. त्याला ते वाकणंच हवं होतं. हा सिनेमा हेडफोन लावून बघा, त्या आपटण्यात लय आहे, आणि लय आली की आपल्याला आपोआप वाटायला लागतं की हे कोणीतरी करतंय, वारा नाहीये.

त्याच्या जोडीला १९६१चा 'द इनोसंट्स'. सुरुवातीला पडदा पूर्ण काळा आणि एक लहान मुलगी गाणं म्हणतेय, अजून कंपनीचं नावसुद्धा आलेलं नाही. थिएटरात तेव्हा लोकांना वाटलं असेल प्रोजेक्टर बिघडला. कॅमेरामन फ्रेडी फ्रान्सिसला पडदा अवाढव्य रुंद मिळाला होता, दोन माणसांच्या गोष्टीला तो नको होता, तर त्याने फिल्टरच्या कडा रंगवून घेतल्या म्हणजे फ्रेमच्या दोन्ही टोकांना अंधार राहील. आपली नजर सारखी त्या कडांकडे जाते, तिथे कोणी उभं आहे का बघायला. कधी असतं, बहुतेकदा नसतं.

आता थोडं मागे जाऊ कारण अंधाराची ही भाषा मुळात जर्मन आहे. १९२०चा 'डॉ. कॅलिगारी' आणि १९२२चा 'नोसफेराटू', दोन्ही मूकपट. पहिल्यात सावल्या खऱ्या नाहीतच, कापडी पडद्यांवर रंगाने काढल्यात, घरं वाकडी, खिडक्या तिरक्या, कारण गोष्ट सांगणाऱ्याचं मन तसं आहे. माणसाच्या डोक्यातलं बाहेर सेटवर आणायचं हा विचार तिथून सगळीकडे गेला, आपल्या ड्रीम सीक्वेन्सपर्यंत. 'नोसफेराटू' दिग्दर्शक मुर्नाउने स्टुडिओबाहेर खऱ्या गावांत, खऱ्या किल्ल्यावर शूट केला आणि मला तो जास्त भितीदायक वाटतो, जिन्यावरून सरकणारी ती लांब बोटांची सावली तुम्ही फोटोत बघितलीच असेल. ब्रॅम स्टोकरच्या कादंबरीची परवानगी न घेता केलेला, नावं बदलून. स्टोकरच्या बायकोने खटला भरला आणि जर्मन कोर्टाने १९२५ साली सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. काही प्रती देशाबाहेर गेल्या होत्या म्हणून आज आपण बघू शकतो. आणि सूर्याच्या उजेडाने रक्तपिशाच मरतं हे आता सगळ्यांना पुराणातलं वाटतं ना, ते या सिनेमाने काढलेलं आहे, मूळ कादंबरीत ड्रॅक्युला दिवसा लंडनमध्ये फिरतो.

मूकपट बघताना एक सांगते, इंटरनेटवर त्यांना काहीही म्युझिक चिकटवलेलं असतं, ते त्रासदायक वाटलं तर सरळ म्यूट करा आणि खोलीतला पंखा बंद करा.

या जर्मन मंडळींतले बरेच पुढे हॉलिवूडला गेले. 'मेट्रोपोलिस'चा कॅमेरामन कार्ल फ्रॉइंड 'ड्रॅक्युला'च्या कॅमेऱ्यावर होता. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दुसरा रस्ता, जो मालाडला येतो. म्युनिकचा योसेफ वीर्शिंग नावाचा कॅमेरामन हिमांशू राय यांच्या सिनेमासाठी विसाच्या दशकात भारतात आला आणि पुढे मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये राहिला. महायुद्धात ब्रिटिशांनी त्याला जर्मन म्हणून छावणीत ठेवलं, सुटल्यावर परत तो बॉम्बे टॉकीजमध्ये. आणि १९४९ साली त्याने शूट केला कमाल अमरोहींचा 'महल'. तुमच्या यादीत हा नसेल तर घाला, तिसऱ्या नंबरवर घाला. आपण 'महल'ला गाण्यामुळे ओळखतो पण तो एकदा सिनेमा म्हणून बघा, हातात मेणबत्ती, वरून लोंबणारी झुंबरं, जाळीतून पडलेल्या सावल्या, झोपाळा हलतोय आणि अशोककुमार त्या मोठ्या रिकाम्या घरात एकटा. बर्लिनचा अंधार आणि आपली जुनी हवेली यांचं लग्न तिथे लागलंय.

आणि 'आयेगा आनेवाला'. आधी गाणं बाजूला ठेवा आणि त्याची सुरुवात ऐका, तो संथ मुखडा, ताल नाही, आवाज लांबून येतोय आणि हळूहळू जवळ येतोय. तेव्हा आजच्यासारखं मिक्सिंग नव्हतं की फेडर वर केला, रिव्हर्ब म्हणजे खोलीचा घुमारा कमी केला. लतादीदींनी स्वतः अनेकदा सांगितलंय की माईक खोलीच्या मधोमध ठेवला होता आणि त्या कोपऱ्यातून गात गात पावलं टाकत माईकपर्यंत आल्या, ते बरोबर जमेपर्यंत परत परत. मी हे माझ्या असिस्टंटना सांगते तेव्हा आधी त्यांना विचारते की आज हे कसं कराल, ते सांगतात हा प्लगइन, तो प्लगइन, आणि मग मी सांगते की वीस वर्षांची मुलगी चालली. माणूस खरंच चालत येतो तेव्हा फक्त आवाज मोठा होत नाही, भिंतींवरून परत येणारा भाग कमी होत जातो, श्वास ऐकू यायला लागतो, आणि आपल्या कानाला ते कळतं, आपल्याला शब्दात सांगता येत नसलं तरी. रेकॉर्डवर गायिकेचं नावसुद्धा सुरुवातीला सिनेमातल्या पात्राचं छापलं होतं, कामिनी. म्हणजे लोकांनी रेडिओला विचारायला सुरुवात केली की ही गातेय कोण, तेव्हा कळलं.

'महल'चा एडिटर कोण होता माहितीये? बिमल रॉय. त्यांनी १९५८ साली 'मधुमती' केला, वादळी रात्र, दरड कोसळून रस्ता बंद, जुनी हवेली, दार उघडणारा म्हातारा आणि आधी इथे आलोय असं वाटणारा नायक. पुनर्जन्माच्या सिनेमांची आपल्याकडची लांबलचक रांग तिथून सुरू होते, आणि 'बीस साल बाद', 'वह कौन थी' यांच्यातलं धुक्यातून येणारं गाणं 'महल'चं देणं आहे. आपल्याकडे भूत दिसायच्या आधी ऐकू येतं, गाण्यातून. इतर कुठल्या देशाच्या सिनेमात भुताला इतकं सुरात गाताना मी ऐकलेलं नाही.

'सायको', १९६०, याच्यावर एवढं लिहिलं गेलंय की मी फक्त कानाचं सांगते. हिचकॉकने हा आपल्या टीव्ही मालिकेच्या युनिटला घेऊन साधारण आठ लाख डॉलरमध्ये केला. बाथरूमच्या सीनला त्याला म्युझिक नको होतं, फक्त पाणी आणि सुरी. संगीतकार बर्नार्ड हरमनने तरीही लिहून ठेवलं, ऐकवलं, आणि हिचकॉकने मत बदललं. पूर्ण स्कोअर फक्त तंतुवाद्यांचा, एक ढोल नाही, एक पिपाणी नाही, हरमनचं म्हणणं ब्लॅक अँड व्हाइट चित्राला ब्लॅक अँड व्हाइट आवाज. ते व्हायोलिनचं किंचाळणं आणि त्याखाली सुरीचा आवाज, जो खरबुजावर सुरी मारून रेकॉर्ड केलेला. सुरी लागलेली तुम्हाला जवळजवळ दिसत नाही, सत्तरच्या वर वेगवेगळे अँगल आहेत आणि सगळं मिळून पाऊण मिनिटाचा खेळ, कट आणि व्हायोलिन मिळून तुमच्या डोक्यात सुरी पूर्ण करतात. ज्या बाईबरोबर आपण अर्धा सिनेमा काढला तिलाच मारून टाकणं हा तेव्हाचा मोठा धक्का होता, म्हणून थिएटरवाल्यांना सांगितलेलं की सिनेमा सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नका. त्याआधी लोक मध्येच येऊन बसायचे आणि पुढच्या खेळाला सुटलेलं बघून उठायचे. वेळेवर जाऊन सिनेमा पहिल्यापासून बघायची सवय पक्की व्हायला या एका सिनेमाने बरीच मदत केली.

यानंतरचे काही पटापट. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड', १९६८, पिट्सबर्गच्या पोरांनी लाखभर डॉलर जमवून केलेला, आज ज्याला आपण झॉम्बी म्हणतो तो सगळा प्रकार इथला, पण हा शब्द सिनेमात एकदाही नाही. नाव बदलताना टायटलवरची कॉपीराइटची ओळ गळली आणि सिनेमा सगळ्यांचा झाला, त्यामुळे फुकट आणि कायदेशीर बघता येतो. शेवट कोणाकडून ऐकू नका. 'टेक्सस चेन सॉ मॅसॅकर', १९७४, नावावरून वाटतं तेवढं रक्त त्यात नाही, आवाजातच सगळं आहे, पण हा सगळ्यांना झेपेल असं नाही, घाई करू नका.

'द एक्झॉर्सिस्ट', १९७३, इथे मात्र थांबते. याला साऊंडचं ऑस्कर मिळालं. लोकांना भूत लागलेल्या मुलीची मान फिरलेली आठवते, मला त्या मानेचा आवाज आठवतो, तो एका जुन्या चामड्याच्या पाकिटाला माईकजवळ पिळून केलेला. आम्ही फोलीवाले, म्हणजे पडद्यावरच्या हालचालींचे आवाज स्टुडिओत करणारे, आजही हाडाच्या आवाजाला काही ना काही असंच शोधतो, भाजीवाल्याकडून सेलरीची जुडी आणायची, सुका पास्ता मोडायचा. मुलीच्या तोंडून येणारा आवाज मर्सिडीज मॅककेंब्रिज या प्रौढ नटीचा आहे, त्यात जनावरांचे आवाज मिसळलेत. तोंडातून वाफ दिसावी म्हणून आख्खी बेडरूम थंडगार करून शूटिंग केलं. पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे यात शांत आणि मोठ्या आवाजाच्या उड्या आहेत त्या कारण नसताना नाहीत. खाली हॉलमध्ये आई बोलतेय, साधं घर, घड्याळ, वर माळ्यावर काहीतरी खरवडतंय, उंदीर असतील. पहिला पाऊण तास तुम्ही त्या घरात राहायला जाता. मग वरचं दार उघडतं. मी एका सिनेमावर काम करताना निर्मात्यांनी मला पहिल्या दहा मिनिटांत सहा दणके टाकायला लावले होते, मी टाकले, आणि मग मधल्या खऱ्या सीनला थिएटरात लोक मोबाईल बघत होते. ते मला फार लागलं. तेव्हापासून मी मीटिंगमध्ये 'एक्झॉर्सिस्ट'चा पहिला पाऊण तास लावून दाखवते आणि मगच बोलते.

'हॅलोवीन', १९७८, जॉन कार्पेंटरने जेमतेम तीन लाख डॉलरमध्ये केला आणि म्युझिकही त्याचंच. त्याने सांगितलंय की म्युझिकशिवायचा कट एका स्टुडिओतल्या बाईंना दाखवला तर त्यांना अजिबात भीती वाटली नाही, म्हणून तो ठरवून बसला की हा सिनेमा म्युझिकने वाचवायचा. पियानोची ती धून पाच मात्रांची आहे. तबला शिकलेल्यांसाठी सांगते, झपताल आपण २-३-२-३ असा मोजतो, ही धून दहाच्या चक्रात ३-३-२-२ अशी पडते, म्हणजे पाय धरायला जावं तर ती निसटते, आणि सारखी तीच फिरत राहते. चारच्या ठेक्यावर वाढलेल्या अमेरिकन कानाला ती कायम एक पाऊल पुढे वाटते. आज प्रत्येक दुसऱ्या वेब सिरीजमध्ये जो एकसुरी सिंथ (सिंथेसायझर) वाजतो त्याचं मूळ इथे आहे.

'द शायनिंग', १९८०. डॅनीची तीनचाकी. हॉटेलच्या रिकाम्या कॉरिडॉरमधून पोरगं सायकल चालवतंय आणि गॅरेट ब्राऊनचा स्टेडीकॅम, म्हणजे चालतानाही न हलणारा अंगावर बांधायचा कॅमेरा, जमिनीलगत मागून. चाकं लाकडावर आली की खरखर, गालिचावर आली की एकदम गप्प, परत लाकूड, परत गालिचा. म्युझिकपेक्षा मला हाच या सिनेमाचा सगळ्यात चांगला आवाज वाटतो. कारण दर वेळी गालिचा आला की तुम्ही श्वास धरता, आणि तुम्हाला कळतही नाही की तुमचा श्वास एका तीनचाकी सायकलने धरलाय. 'कॅट पीपल'च्या टाचा आठवल्या का? अडतीस वर्षांनी तेच काम.

जपानचं एक तरी बघाच, मासाकी कोबायाशीचा 'क्वाइदान', १९६४. तीन तासांचा, चार गोष्टी, संथ आहे, दोन-तीन रात्रींत बघितला तरी चालेल. संगीत तोरू ताकेमित्सूचं. पहिल्या गोष्टीत एक माणूस मोडकळीला आलेल्या घरात धावतो, पाय फळ्यांतून खाली जातात, आणि त्या जागी आवाज नाही. लाकूड तडकल्याचा आवाज येतो पण नंतर, भलत्याच ठिकाणी. मी हा पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं सिंक, म्हणजे चित्र आणि आवाजाचा मेळ, गेलाय, प्रिंट खराब आहे. मग कळलं की त्याने मुद्दाम आवाज चित्रापासून सोडवलाय. जगात ज्या गोष्टीला आवाज असायलाच हवा तिला तो नसेल तर पोटात जे होतं, ते कुठल्याच दणक्याने होत नाही. १९९८च्या 'रिंगू'मधलं जे तुम्हाला आवडलं असेल त्याचं बी इथे सापडतं.

आपल्याकडचं नवं म्हणून दोन सांगते, क्लासिक म्हणायला अजून वेळ आहे पण जुन्यांकडून शिकून केलेले आहेत. विशाल फुरियाचा 'लपाछपी', चारही बाजूंनी ऊस, आणि ज्याने उसाच्या फडात उभं राहून वारा ऐकलाय त्याला माहितीये की त्या पानांच्या सळसळीत माणसाची चाहूल वेगळी काढता येत नाही. आणि राही बर्वेचा 'तुंबाड', नारायण धारपांच्या गोष्टीचं बीज, पंकज कुमारचा कॅमेरा, आणि कुणाल शर्माचं साऊंड डिझाइन ज्यात पाऊस हे जवळजवळ एक पात्र आहे. 'तुंबाड' टीव्हीच्या स्पीकरवर बघू नका, कळकळीने सांगते. वाड्यातला पाऊस, पत्र्यावरचा पाऊस, चिखलातला पाऊस सगळे वेगवेगळे आहेत, आणि खाली उतरल्यावर पाऊस जातो तेव्हा काय होतं ते ऐका. लहानपणी आजोळी लाइट गेली की कौलांवरचा पाऊस ऐकत हडळीच्या गोष्टी ऐकलेल्या कोणालाही ते लगेच ओळखू येईल.

बघायचं कसं ते पण सांगते. रात्री, एकट्याने किंवा एका माणसाबरोबर, फोन दुसऱ्या खोलीत, हेडफोन असतील तर उत्तम. पहिले पंधरा मिनिटं कंटाळा येईल, कानाला सवय व्हायला तेवढी लागतातच, अंधारात डोळ्यांना लागतात तशी. आठवड्याला एकच बघा. 'कॅट पीपल', 'द हाँटिंग', 'महल', मग 'सायको', मग जर्मन, मग बाकीचे कुठल्याही क्रमाने.

राहता राहिला भाचा. त्याला 'एक्झॉर्सिस्ट' किंवा 'टेक्सस' अजिबात नको, कितीही मागे लागला तरी. त्याला १९३१चा 'फ्रँकेन्स्टाइन' दाखवा, सत्तर मिनिटांचा आहे, बोरिस कार्लोफला सुरुवातीच्या टायटलमध्ये नावच नाही, नुसतं प्रश्नचिन्ह आहे, ते त्याला आवडेल. शेजारी बसून दाखवा. मध्ये तळ्याकाठी एक छोटी मुलगी राक्षसाला फुलं देते, दोघं ती पाण्यावर तरंगत सोडतात, फुलं संपतात आणि त्याला वाटतं ही पण तरंगेल. हा शेवटचा तुकडा सेन्सॉरने काढायला लावला होता आणि पन्नासएक वर्षं लोकांनी तो नसलेलाच सिनेमा बघितला, राक्षस हात पुढे करतो, कट, आणि नंतर बाप मुलीचं प्रेत घेऊन चाललाय. त्यामुळे झालं उलटंच, लोकांनी मधल्या जागेत त्याहून वाईट काहीतरी भरलं. आता मिळतो त्यात तो तुकडा परत जोडलेला आहे आणि तो बघितला की राग येत नाही, त्या राक्षसाची कीव येते.

१९७३ साली व्हिक्टर एरिसे या स्पॅनिश दिग्दर्शकाने 'द स्पिरिट ऑफ द बीहाइव्ह' केला, त्याची सुरुवातच अशी आहे की एका खेड्यात फिरता सिनेमा येतो, आपल्या टुरिंग टॉकीजसारखा, लोक आपापली खुर्ची घरून घेऊन येतात आणि पडद्यावर 'फ्रँकेन्स्टाइन' लागतो. सहा-सात वर्षांची आना डोळे विस्फारून तो तळ्याचा सीन बघते आणि शेजारच्या बहिणीला कुजबुजत विचारते, त्याने तिला का मारलं, आणि मग लोकांनी त्याला का मारलं? तुमचा भाचाही बहुतेक हेच विचारेल. सिनेमा लावायच्या आधी उत्तराची तयारी ठेवा.